साथ येण्यापूर्वीं

चरकसंहितेच्या विमानस्थानांत ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नांवाचा एक अध्याय आहे. एकाच वेळीं प्रांतच्या प्रांत ओस पाडणाऱ्या रोगांचा विचार त्यांत केलेला आहे. शाळेच्या कामांतून मोकळा झाल्यावर जुने संस्कृत ग्रंथ एकवार सावकाश वाचावे असें मनांत आलें, आणि त्या वाचनांत या अध्यायापाशीं मी बराच थबकलों. प्रसंग असा आहे. ग्रीष्म सरत आला असतां पांचाल देशांतील काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरीं, पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. फिरतां फिरतां ते अग्निवेशास सांगतात कीं, ऋतूंचीं लक्षणें पालटलेलीं दिसतात. लवकरच भूमीचा रस आणि वनस्पतींचा गुण क्षीण होईल. तेव्हां तसें होण्यापूर्वींच औषधी काढून ठेवा. अग्निवेश विचारतो कीं, माणसांची प्रकृति निराळी, आहार निराळा, वय निराळें, बळ निराळें. असें असतां एकाच रोगानें सगळे एकदम कसे मरतात? त्यावर गुरूंचें उत्तर असें कीं, बाकी सारें निराळें असलें तरी वायु, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांच्या समाईक असतात.

आपल्या पूर्वजांना विषाणु ठाऊक होते असें यावरून सिद्ध करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ते ठाऊक नव्हते, आणि तसें मानल्यानें त्यांच्या थोरवीस उणेपणाही येत नाहीं. मला त्या संवादांतून दोनच गोष्टी घ्यावयाच्या आहेत. एक, तयारी ही साथ येण्यापूर्वीं करावयाची असते. दुसरी, साथीच्या वेळीं माझें घर निराळें आणि तुझें निराळें हा भेद टिकत नाहीं. हवा समाईक असते. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवून इन्फ्लुएंझाच्या साथीसाठीं आपल्या घरांनीं, आणि आपल्यापैकीं ज्यांच्या हाताखालीं चार माणसें काम करतात त्यांनीं, काय सिद्धता करावी याचा विचार येथें मांडतों.

हा ज्वर कोणता?

साधें पडसें आणि इन्फ्लुएंझा यांत आपण घोंटाळा करतों. पडसें हळूहळू येतें आणि माणूस नाक पुसत हिंडत राहतो. इन्फ्लुएंझा एकाएकीं येतो. सकाळीं धडधाकट असलेला माणूस संध्याकाळीं थंडी वाजून अंथरूण धरतो. ताप चढतो, हाडें ठणकतात, कोरडा खोकला लागतो आणि अंगांतलें त्राण जातें. हा रोग ज्या विषाणूमुळें होतो तो आपलें रूप सतत थोडें थोडें पालटीत असतो, म्हणूनच त्याची लस दर वर्षीं नव्यानें घ्यावी लागते. परंतु केव्हां केव्हां पक्ष्यांतील किंवा डुकरांतील विषाणूशीं त्याची सरमिसळ होऊन अगदींच नवा विषाणु जन्मास येतो. त्याची ओळख कोणाच्याच शरीराला नसते, आणि मग तो देशोदेशीं पसरतो. अशा जगभर पसरलेल्या चार मोठ्या साथी गेल्या सव्वाशें वर्षांत येऊन गेल्या: १९१८, १९५७, १९६८ आणि २००९. पुढची केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येणारच नाहीं असें मात्र एकही जाणता वैद्य म्हणत नाहीं. कोंबड्यांतील इन्फ्लुएंझा आपल्या देशांत पहिल्यानें आढळला तो २००६ च्या फेब्रुवारींत, नंदुरबार जिल्ह्यांतल्या नवापूर येथें. तेव्हां ही कांहीं दूरदेशींची वार्ता नव्हे.

या रोगाचा एक गुणधर्म सर्वांनीं पाठ करून ठेवण्याजोगा आहे. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशीं, ताप येतो. परंतु ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्यास रोग देऊं लागतो, आणि पुढें पांचसात दिवस देत राहतो. लहान मुलें तर त्याहूनही अधिक दिवस. म्हणजे आजारी माणूस पहिल्या दिवशीं कोठें होता, घरीं कीं चारचौघांत, यावर पुष्कळसें अवलंबून असतें. माझ्या या लेखाचें सार म्हणाल तर तें एवढेंच आहे. साथीची सिद्धता म्हणजे धान्याच्या राशी आणि औषधांचीं खोकीं नव्हेत. ज्याला ताप आला त्याला ताबडतोब, निर्धास्तपणें आणि नुकसान न सोसतां घरीं पडून राहतां यावें, अशी व्यवस्था आधीं करून ठेवणें ही खरी सिद्धता.

आजीनें सांगितलेली गोष्ट

इ. स. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी होऊन रुग्णालयांत गेले. पाहतां पाहतां गोदीचे कामगार, तारखात्याचे लोक, टांकसाळीचे लोक, गिरणीकामगार असे एकामागून एक पडूं लागले. ज्या ज्या ठिकाणीं पुष्कळ माणसें एका छपराखालीं काम करीत त्या त्या ठिकाणीं रोगानें आधीं ठाणें मांडलें, हें येथें लक्षांत ठेवावें. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली ती काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसांत एकट्या मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर मृत्यु झाले. सबंध हिंदुस्थानांत किती गेले याचे अंदाज निरनिराळे आहेत, परंतु ते सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या आसपास जातात. १९११ ते १९२१ हें एकच दशक असें आहे कीं ज्यांत आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली.

माझी आजी त्या वेळीं पंधरा वर्षांची होती. नुकतीच लग्न होऊन सातारा जिल्ह्यांतल्या आमच्या मूळ घरीं आली होती. घरांत लहानथोर सतरा माणसें. त्या सालीं पावसानें दगा दिलेला, धान्य महागलेलें. नवरात्राच्या सुमारास पहिला ताप धाकट्या काकांना आला आणि आठवड्याच्या आंत चौदा माणसें पथारीवर पडलीं. आजी सांगत असे कीं, मोठें संकट तापाचें नव्हतें, चुलीचें होतें. स्वयंपाक सोंवळ्यांत घरच्या बायकांनींच करावयाचा हा नेम. बायकाच पडल्या तेव्हां पुरुषांपैकीं एकालाही भाताला आधण किती ठेवावें हें ठाऊक नव्हतें. मग तिची थोरली जाऊ, अंगांत ताप असतां, भिंत धरून उठे, विहिरीवरून पाणी आणी आणि पेज करून सर्वांना वाढी. चार दिवस तिनें तें केलें. पांचव्या दिवशीं तिला धाप लागली आणि सातव्या दिवशीं ती गेली. तिचें वय चोवीस वर्षांचें होतें. त्यानंतर शेजारच्या कुणब्याच्या घरची म्हातारी रोज सकाळीं पेजेचें तपेलें आमच्या उंबऱ्याशीं आणून ठेवूं लागली, आणि माझ्या पणजोबांनीं तें निमूटपणें आंत घेतलें. “तें तपेलें आठ दिवस आधीं आंत आलें असतें तर जाऊबाई वांचल्या असत्या,” असें म्हणून आजी गप्प होई.

मी शाळकरी होतों तेव्हां मला ही नुसती गोष्ट वाटे. पुढें वाचनांत आलें कीं, त्या साथीनें विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचीं धट्टींकट्टीं माणसें नेलीं, आणि आपल्या देशांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचे मृत्यु अधिक झाले. शुश्रूषा करणारी आधीं रोग्याच्या उशाशीं बसते, आणि स्वतः पडली कीं तिच्या उशाशीं बसावयास कोणी नसतें. आमच्या जाऊबाईंसारख्या जाऊबाई घरोघरीं होत्या.

पूर्ण हजेरीचें बक्षीस

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. ती सांगणें अवघड जातें, पण सांगितल्यावांचून या लेखास अर्थ नाहीं.

२००९ सालीं मी पुण्यांतल्या एका शाळेंत आठवीचा वर्गशिक्षक होतों. वर्षभर एकही दिवस न चुकणाऱ्या मुलास पूर्ण हजेरीचें बक्षीस देण्याची आमच्या शाळेंत प्रथा होती आणि तिचा मला मोठा अभिमान होता. त्या वर्षीं ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनें इन्फ्लुएंझाची जागतिक साथ जाहीर केली. लोक तिला ‘स्वाईन फ्लू’ म्हणत. जुलैच्या अखेरीस माझ्या वर्गांतला एक मुलगा लाल डोळ्यांनीं, तोंड उतरलेल्या अवस्थेंत शाळेंत आला. दोन वर्षांत त्याचा एक दिवस चुकला नव्हता. मीं काय करावें? मीं त्याला वर्गापुढें उभें केलें आणि म्हटलें, “निष्ठा पाहावी ती अशी!” मुलांनीं टाळ्या वाजविल्या. दोनतीन दिवसांत त्याच्या आसपासचीं बाकें रिकामीं दिसूं लागलीं. त्यांतल्या एका मुलाच्या आजीला रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या बाई बाराव्या दिवशीं घरीं परतल्या, पण पूर्वींसारखा जिना त्यांना पुन्हा चढवला नाहीं.

त्या बाईंना ताप माझ्या त्या विद्यार्थ्याकडूनच गेला, असें कोणी खात्रीनें सांगूं शकणार नाहीं. पण पुढें त्याच्या वडिलांनीं मला जें सांगितलें तें माझ्या मनांतून जात नाहीं. ते म्हणाले, “सर, तो पहाटे उठून तापाची गोळी घेऊन येत होता. बक्षीस जाईल म्हणून आम्हांलाही बोलला नाहीं.” त्या मुलाचा यांत कांहीं दोष नव्हता. आजारीपण लपविण्यास बक्षीस आम्हींच लावून ठेवलें होतें.

ऑगस्टच्या आरंभीं पुण्यांत एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा या रोगानें मृत्यु झाला. या साथींतला देशांतला तो पहिला मृत्यु. मग एकच धांवपळ उडाली. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढें रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतून मास्क दिसेनासे झाले. आम्हां सर्वांना एका रात्रींत सावधगिरी सुचली. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होता. त्या वर्षाअखेरीस पूर्ण हजेरीचें बक्षीस बंद करावें असें मीं मुख्याध्यापकांस लेखी कळविलें. तें लगेच बंद झालें नाहीं, पण माझ्या वर्गापुरतें मीं त्याविषयीं बोलणें सोडलें, आणि ताप असलेल्या मुलास घरीं ठेवल्याबद्दल त्याच्या आईवडिलांचे आभार मानूं लागलों.

घराची सिद्धता

आतां कामाच्या गोष्टींकडे वळूं. पहिली गोष्ट जागेची. घरांत ताप आला तर रोग्याची खोली कोणती हें आजच ठरवावें. शक्य तर ज्या खोलीला खिडकी आहे आणि मोरी जवळ आहे ती. खिडकी उघडी ठेवावी. ‘वारा लागेल’ म्हणून दारेंखिडक्या लावून घेण्याची आपली संवय या रोगांत घातक आहे, कारण कोंडलेल्या हवेंत विषाणु सांचून राहतो. स्वतंत्र खोली नसेल तर रोग्याची खाट खिडकीपाशीं घ्यावी आणि इतरांच्या पथाऱ्या तीनचार हात दूर घालाव्या. खोलींत कोणी येतांच रोग्यानें आणि येणाऱ्यानें, दोघांनींही, मास्क लावावा. रोग्याचीं भांडीं साबणानें धुतलीं म्हणजे पुरे. त्याहून निराळा सोपस्कार नको.

दुसरी गोष्ट शुश्रूषेची, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची समजतों. रोग्याजवळ सगळ्यांनीं आळीपाळीनें जाऊं नये. एकानें जावें, आणि त्याच्या जागीं कोण, हेंही आधीं ठरलेलें असावें. हा मनुष्य धडधाकट असावा. पासष्टीच्या पुढचीं माणसें, गरोदर स्त्रिया, आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेलीं माणसें यांस या कामास लावूं नये. त्यांनाच हा रोग अधिक जड जातो. ‘सूनबाई आहेच’ हें उत्तर नव्हे. घरांतल्या प्रत्येक पुरुषास आणि मोठ्या मुलास पेज, वरणभात आणि मुगाची खिचडी करतां आली पाहिजे. मीं स्वतः साठी उलटल्यावर कुकर लावावयास शिकलों. पहिल्या दिवशीं भात करपला, घरच्यांनीं हंसत हंसत खाल्ला, पण आतां चूल अडत नाहीं. प्रमाणें लिहून तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवावा. आमच्या जाऊबाईंच्या घरीं हें एक जरी असतें!

तिसरी गोष्ट सामानाची. दोन आठवडे पुरेल इतका शिधा, साबण, कांहीं मास्क, तापमापक, बोटाला लावून रक्तांतला प्राणवायु मोजण्याचें ऑक्सिमीटर, आणि डॉक्टरांना विचारून ठेवलेलें पॅरासिटॅमॉल, एवढें पुरे. ज्यांना रक्तदाबाचीं, मधुमेहाचीं औषधें नित्य लागतात त्यांचीं एक महिन्याचीं अधिक ठेवावीं. हें सारें शांत काळांत, दर महिन्यास थोडें थोडें जमवावें. साथ आल्यावर दुकानें रिकामीं करणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरचें औषध पळविणें होय. रोग्यास पाणी पाजीत राहावें. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालून केलेलें पाणी घरच्या घरीं होतें. चमचा मात्र चहाचा घ्यावा.

चौथी गोष्ट औषधाच्या विवेकाची. मुलांना आणि किशोरांना या तापांत ॲस्पिरिन देऊं नये. त्यानें यकृत आणि मेंदू यांस क्वचित् पण भयंकर अपाय होतो. प्रतिजैविक औषधें विषाणूवर चालत नाहींत. मागून न्यूमोनिया झाला तर डॉक्टर तीं देतील, आपण आपल्या मनानें घेऊं नयेत. इन्फ्लुएंझावर विषाणुरोधक औषध आहे, पण तें पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास अधिक गुणकारी. म्हणून जोखमीच्या माणसांनीं वाट पाहत बसूं नये. आणि पुढील लक्षणें दिसलीं तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें: धाप लागणें, छातींत दुखणें, ओंठ निळसर होणें, भ्रम होणें, ऑक्सिमीटरचा आंकडा ९४ च्या खालीं जाणें, किंवा ताप उतरून बरें वाटत असतां पुन्हा चढणें. लहान मूल भराभर श्वास घेऊं लागलें, पाणी पिईना किंवा जागें करूनही नीट जागें होईना, तर तेंही तसेंच. कोणतें रुग्णालय, कोणाची गाडी, कोणाचा दूरध्वनि, प्रत्येकाचें रोजचें औषध कोणतें, हें एका कागदावर लिहून तो सर्वांना दिसेल असा ठेवावा.

पांचवी गोष्ट लशीची. आपल्याकडे हा ताप हिंवाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा पावसाळ्यांत बळावतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांवरचीं लहान मुलें आणि जुनाट विकाराचीं माणसें यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें दर वर्षीं लस घ्यावी. अगदीं नवा विषाणु आला तर ही लस त्यास पुरी पडेलच असें नाहीं. २००९ च्या एप्रिलांत नवा विषाणु ओळखला गेला. त्यावरची आपल्या देशांत तयार झालेली लस बाजारांत येण्यास २०१० चा मध्य उजाडला. पुण्यांत ज्या महिन्यांत साथीचा जोर होता त्या महिन्यांत लस हाताशीं नव्हती. म्हणजे आरंभीचे महिने आपलें रक्षण आपल्या वागण्यानेंच व्हावयाचें असतें.

सहावी गोष्ट आपल्या रीतिरिवाजांची. कोणी आजारी पडलें कीं समाचारास जाणें हा आपला शिष्टाचार. साथींत तो दूरध्वनीवरून पाळावा. ज्याच्या घरीं ताप आहे त्याच्या दाराशीं डबा ठेवून यावें, आंत जाऊन उशाशीं बसूं नये. लग्नमुंजीस ताप अंगावर काढून जाणारा ‘माझ्यावांचून कसें होईल’ असें म्हणतो. त्यास यजमानानेंच प्रेमानें ‘येऊं नका’ म्हणावें.

ज्यांच्या हाताखालीं माणसें आहेत त्यांना

आपल्यापैकीं कोणी दवाखाना चालवितो, कोणी दुकान, कोणी छापखाना, कोणी शिकवणीचे वर्ग. आणि जो यांपैकीं कांहींच चालवीत नाहीं त्याच्या घरीं निदान धुणेंभांडीं करावयास एक बाई येतात. तेव्हां आपण सारेच कोणाचे ना कोणाचे धनी आहोंत.

२००६ च्या सुमारास अमेरिकेंत अशा साथीची योजना आंखली गेली तेव्हां तेथील धन्यांना सांगण्यांत आलें होतें कीं, साथ ऐन भरांत असतां शंभरांतलीं चाळीस माणसें कामावर नसतील असें धरून चला. कांहीं स्वतः आजारी, कांहीं रोग्याच्या शुश्रूषेंत, कांहीं शाळा बंद म्हणून मुलांपाशीं. हा हिशेब मनांत धरून प्रत्येक धन्यानें एक यादी करावी: कोणतें काम एक दिवसही थांबूं शकत नाहीं आणि कोणतें महिनाभर थांबलें तरी चालेल. न थांबणारें प्रत्येक काम निदान तिघांना येत असावें. पगाराचा हिशेब, तिजोरीची किल्ली, संगणकाचा परवलीचा शब्द हीं एकाच माणसाच्या डोक्यांत असतील तर त्या माणसाच्या तापाबरोबर सगळा कारभार आजारी पडतो. जें काम घरून होतें तें घरून करावयाची संवय आधींच लावावी. २०२० च्या मार्चांत दुसऱ्या एका विषाणूनें देशभर टाळेबंदी आणली तेव्हां ज्यांना ही संवय होती त्यांचा कारभार चालला, बाकीच्यांचा थांबला.

परंतु या सर्वांच्या आधीं रजेचा प्रश्न येतो. ताप आलेल्या माणसास पगारी रजा नसेल तर तो गोळी घेऊन कामावर येईल, माझा विद्यार्थी आला तसा. तो बक्षिसासाठीं आला, हा पोटासाठीं येईल. धनी एका माणसाचा आठ दिवसांचा पगार वांचवितो आणि दहा माणसांचे आठ आठ दिवस घालवितो. साथीच्या दिवसांत रजेसाठीं डॉक्टरचा दाखला मागूं नये. त्यामुळें दवाखान्यांत विनाकारण गर्दी होते आणि दाखल्यासाठीं आलेला चार जणांना रोग देऊन जातो. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. क्वचित् कोणी फसवील. तो तोटा दुसऱ्या तोट्याहून पुष्कळ लहान आहे.

१९१८ च्या मुंबईचे आंकडे या बाबतींत डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. त्या साथींत तेथील युरोपियनांत दर हजारीं सुमारें आठ माणसें मेलीं, वरच्या मानल्या गेलेल्या हिंदु जातींत सुमारें एकोणीस, आणि ज्यांना त्या काळीं खालच्या जाती म्हणून दूर ठेवलें होतें त्यांत एकसष्टांवर. हवा समाईक होती. पण मोकळें घर, पोटभर अन्न, विश्रांति आणि शुश्रूषा समाईक नव्हतीं. त्या फरकांत आपल्यासारख्या घरांचा वांटा किती, याचा विचार आपण क्वचितच करतों.

आमच्याच घरचें सांगतों. आमच्याकडे कित्येक वर्षें नियम होता कीं, बाईंनीं महिन्यांत दोन खाडे केले तर चालतील, तिसऱ्यापासून पैसे कापले जातील. नियम न्याय्य वाटे. एका पावसाळ्यांत त्या बाई खोकत कामावर आल्या. अंगाला हात लावला तर चटका बसावा. माझ्या पत्नीनें त्यांना घरीं जाऊन पडावयास सांगितलें. त्या दाराशीं घुटमळल्या आणि म्हणाल्या, “काकू, खाडा धराल का?” आमच्या घरांत तेव्हां ऐंशी वर्षांच्या माझ्या मातोश्री होत्या आणि सात महिन्यांची नात होती. त्या दोघींचें रक्षण आमच्या दाराच्या कुलपानें होत नव्हतें. तें त्या बाईंच्या खाड्याच्या हिशेबावर अवलंबून होतें, हें मला त्या दिवशीं कळलें. त्या सायंकाळीं आम्हीं नियम पालटला. तापाचे दिवस खाडे नव्हेत. त्यांचे पैसे पुरे मिळतील, आणि त्यांच्या घरीं कोणी आजारी असेल तरीही मिळतील. लशीचा खर्चही आम्हीं देतों. यांत कांहीं दानधर्म आहे असें मी मानीत नाहीं. ज्याची हवा समाईक त्याची रजाही समाईक असावी, इतकेंच.

एका रविवारचें काम

हें सारें वाचून कोणी घाबरून जावें असें मला वाटत नाहीं. इन्फ्लुएंझाचे बहुतेक रोगी पडून राहिले आणि नीट पाणी पीत राहिले तर बरे होतात. भीतीनें कामें होत नाहींत. उलट भीति ओसरली कीं माणूस सगळेंच विसरतो. २००९ चा विसर २०२० पर्यंत पडला होता, आणि आतां २०२० चाही पडूं लागला आहे. म्हणून एक साधी सूचना करतों. येत्या रविवारीं जेवणें झाल्यावर घरांतल्या सर्वांनीं, मुलांनींसुद्धां, एक तास एकत्र बसावें. एक कोरा कागद घ्यावा. रोग्याची खोली कोणती, शुश्रूषा कोणाची, त्याच्या मागें कोण, स्वयंपाक कोणाचा, औषधांची यादी, रुग्णालय आणि गाडी कोणती, हें लिहावें. त्याखालीं आपल्या घरीं आणि आपल्या दुकानांत किंवा कचेरींत काम करणाऱ्या प्रत्येकाचें नांव लिहून त्यापुढें एवढेंच लिहावें कीं, ताप आल्यास पगार न कापतां रजा. आणि तें त्या माणसास दुसऱ्याच दिवशीं तोंडीं सांगावें. कारण त्याला ठाऊक नसलेली रजा त्याच्या कांहीं उपयोगाची नाहीं.

आत्रेयांनीं शिष्यांना औषधी आधीं काढून ठेवावयास सांगितलें. त्या कोणत्या, हें वैद्य जाणोत. गृहस्थानें काढून ठेवावयाची औषधी मला तरी हीच दिसते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो कागद आतां लागलेला आहे, आणि त्यावर ‘स्वयंपाक’ या शब्दापुढें पहिलें नांव माझें आहे.